नर्मदेचे पाणी आणि धुराचे मोल

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने बोलावयाचे म्हणजे विषय संतवाङ्मयाचा, नाटकाचा किंवा फार तर माळव्यातील मराठी वस्तीच्या इतिहासाचा असणार, अशी आपली समजूत असेल तर ती चुकीची नाही. आपल्या कार्यवाहांनीही मला प्रथम तोच विषय सुचविला होता. मी 'कार्बनच्या किमतीविषयी बोलेन' असे म्हणालो तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, ''त्यासाठी विज्ञान शाखेतून कुणाला बोलवू का?'' त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या इमारत समितीत छतावर सौर पट्ट्या बसविण्याचा प्रस्ताव आला, आणि त्या समितीत मीही आहे. सही करण्यापूर्वी विषय समजून घ्यावा म्हणून जे वाचले, जी आकडेमोड केली आणि जे मनात साचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. गणितात चूक असेल तर श्रोत्यांत अभियंते बसले आहेत; त्यांनी ती निःसंकोचपणे दाखवावी.

आरंभ मात्र मी माझ्याच क्षेत्रातून करतो. 'कार्बन प्राइसिंग' या संज्ञेचे 'कार्बनचे मूल्यनिर्धारण' असे भाषांतर वृत्तपत्रांत वाचावयास मिळते. शब्द निर्दोष आहे, पण त्याने कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. आपल्या भाषेत कराला एक जुना, घरगुती शब्द आहे, तो म्हणजे पट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द नगरपालिकेची पावती हाती घेणाऱ्या प्रत्येकाला कळतात. तेव्हा कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या धुरावर जी आकारणी करावयाची तिला मी आज 'धूरपट्टी' म्हणणार आहे. तसेच कार्बन डायऑक्साइडसाठी आपल्या आजोबांच्या शालेय पुस्तकांतला 'कर्बवायू' हा शब्द वापरणार आहे. तो आता कोशात राहिला आहे. शंभर वर्षांच्या ग्रंथालयात तरी त्याला तासभर बाहेर काढण्यास हरकत नसावी.

माझे बालपण मालवा मिलच्या परिसरात गेले. गिरणीचा भोंगा हेच आमचे घड्याळ. आई गच्चीवर कपडे वाळत घाली आणि वाऱ्याची दिशा पाहून घाली. कारण वारा धुराड्याकडून वाहू लागला की धुतलेल्या धोतरांवर काजळीचे बारीक ठिपके पडत. मग ते पुन्हा धुवावयाचे. साबण आमचा, पाणी आमचे, श्रम आईचे. गिरणीच्या जमाखर्चात या दुसऱ्या धुण्याचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. कापडाच्या भावात कापूस होता, मजुरी होती, कोळसा होता, आमचा साबण नव्हता.

पुढे पुष्कळ वर्षांनी असे वाचनात आले की, केंब्रिजच्या आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'इकॉनॉमिक्स ऑफ वेलफेअर' हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात धुराड्यांच्या धुरामुळे शहरातल्या लोकांवर पडणाऱ्या धुण्याच्या वाढीव खर्चाचा विचार केलेला आहे. वाचताना हसूही आले आणि आईची आठवणही झाली. पिगूचे म्हणणे थोडक्यात असे : करणारा एक आणि भरणारा दुसरा, अशी स्थिती जेथे येते तेथे बाजारातली किंमत खोटे बोलते. राजसत्तेने त्या वस्तूवर नुकसानीइतका कर बसवावा, म्हणजे किंमत खरे बोलू लागेल. 'करावे तसे भरावे' ही म्हण आपल्याकडे कर्मविपाकाच्या संदर्भात वापरली जाते. पिगूने ती हिशेबाच्या वहीत नेली, एवढेच. काजळी डोळ्यांना दिसते, कर्बवायू दिसत नाही आणि त्याचे नुकसान शेजारच्या गच्चीपुरते राहत नाही. तो शतकानुशतके वातावरणात टिकतो, पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो, आणि त्याचे फळ भोगणारे अजून जन्मालाही आलेले नसतात. भरणारा इतका दूर असेल तर करणाऱ्याला वसुलीची भीती ती काय?

आता हा दूरचा प्रश्न आपल्या नळापर्यंत आणतो. नर्मदेचे पाणी या शहरात १९७८ साली आले. त्यासाठी सत्तर साली झालेले आंदोलन येथील ज्येष्ठांना आठवत असेल. मंडलेश्वराजवळ जलूद येथे नदीतून उचललेले हे पाणी सुमारे सत्तर किलोमीटर नळांतून येते. अंतर एवढे महत्त्वाचे नाही, महत्त्वाची आहे चढण. निमाड खाली आहे, माळवा वर आहे, आणि मध्ये विंध्याचा कडा. तो चढवून वांचू पॉइंटपर्यंत पाणी आणले की पुढे उताराने ते शहराकडे येते. ही चढण सुमारे ५०० मीटरांची धरू. माझ्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या स्नेह्यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर मला हिशेब करून दाखविला. हजार लिटर पाणी, म्हणजे हजार किलो वजन, ५०० मीटर उचलण्यास शुद्ध गणिताने १.३६ युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि नळातले घर्षण यांची तूट धरली की हा आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. चार-पाच माणसांचे घर दिवसाला पाचशे लिटर पाणी वापरते असे मानू. म्हणजे घरातले दिवे, पंखे, मिक्सर सर्व बंद ठेवले तरी केवळ नळ उघडण्याने दिवसाला एक युनिट वीज आपल्या नावावर खर्च पडते. ती कोळशाची आहे असे धरल्यास त्यासाठी पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि एक किलोला थोडा कमी इतका कर्बवायू हवेत जातो.

गंगाजळ घरात आणताना आपण पात्र झाकून आणतो. नर्मदेचे जळ आपण रोज कोळशाच्या खांद्यावरून आणतो, हे मला या हिशेबापूर्वी ठाऊक नव्हते.

ती वीज येते कोठून? देशातील विजेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश आजही कोळशापासून निर्माण होते. आपल्या जवळचे मोठे औष्णिक केंद्र खंडवा जिल्ह्यात आहे, २५२० मेगावॉट क्षमतेचे. त्याला नाव दिले आहे निमाडचे संतकवी सिंगाजी यांचे. गुरे राखणाऱ्या समाजात वाढलेल्या, निर्गुणाची गाणी गाणाऱ्या त्या सत्पुरुषाचे नाव धुराड्याला मिळावे, यावर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने काय बोलावे! पण तक्रार करण्याचा अधिकार मला नाही; त्या केंद्राच्या विजेवर मी सिंगाजींची पदे वाचली असण्याचा संभव आहे.

मग भारतात धूरपट्टी होती की नाही? होती, आणि चांगली पंधरा वर्षे होती, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २०१०च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा 'स्वच्छ ऊर्जा उपकर' बसविला. २०१४ साली तो १०० झाला, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये. एक टन कोळसा जळल्यावर दीड टनाहून अधिक कर्बवायू निर्माण होतो, म्हणजे ही धूरपट्टी टन कर्बवायूमागे अडीचशे रुपयांच्या घरात पडली. विजेच्या एका युनिटावर तिचा भार साधारण २८ पैसे. आपल्या हजार लिटर नर्मदाजळावर ५६ पैसे. कुणाच्याही खिशाला जाणवणार नाही इतका हा भार होता. पण देशाच्या पातळीवर थेंबे थेंबे तळे साचले. या पैशातून स्वच्छ ऊर्जेचा राष्ट्रीय निधी उभारावा असा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात २०१० ते २०१७ या काळात उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले, त्यांतले जेमतेम ३० हजार कोटी त्या निधीत पोहोचले आणि १६ हजार कोटींच्या आसपास खर्ची पडले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराचे रूप पालटले. टनामागे ४०० रुपये तसेच राहिले, पण ते राज्यांचे महसुली नुकसान भरून देण्यासाठी वापरले जाऊ लागले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच. राज्यांची तूट भरणे हे काम वाईट होते असे मी म्हणत नाही. पण ज्या नावाने पैसा गोळा केला त्या नावाचे काम झाले नाही, आणि पुढच्या वेळी त्याच नावाने पैसा मागणाऱ्यावर लोकांचा विश्वास का बसावा, हा प्रश्न उरतोच.

शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकरही गेला. त्याऐवजी कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला, आणि सौर उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. वरवर पाहता फिटंफाट झाली असे वाटते. परंतु येथे एक बारीक बदल आहे, त्याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. जुना उपकर वजनावर होता. नवा कर किमतीवर आहे. ज्यात राख जास्त आणि उष्णता कमी, असा हलका कोळसा स्वस्त असतो. त्याच्यावरील कराचा भार नव्या पद्धतीत उतरला. उत्तम, महाग कोळशावरचा भार चढला. धुराचे मोल करावयाचे तर तराजू धुराचा हवा. कोळसा बाजारात किती भावाने विकला गेला याचा हवेला काय संबंध?

धूरपट्टी वसूल करण्याचे जगात दोन मार्ग चालतात. एक सरळ कराचा. फिनलंडने तो १९९० साली आणि स्वीडनने १९९१ साली स्वीकारला. स्वीडनचा दर आज जगातील अतिशय चढ्या दरांपैकी एक आहे. दुसरा मार्ग परवान्यांचा. सरकार म्हणते, साऱ्या कारखान्यांनी मिळून एवढाच धूर सोडावा. तेवढ्याचे परवाने निघतात. ज्याला कमी लागतात तो उरलेले विकतो, ज्याला जास्त लागतात तो विकत घेतो. युरोपीय संघाने २००५ पासून हा बाजार चालविला आहे. आरंभी त्यांनी परवाने इतके सढळ हाताने आणि फुकट वाटले की २००७ साली त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. नंतर हात आखडता घेतल्यावर ती चढत गेली, आणि अलीकडच्या वर्षांत टनामागे साठ ते ऐंशी युरोंच्या दरम्यान, म्हणजे आपल्या सहा-सात हजार रुपयांच्या आसपास राहिली आहे. हाच दर उद्या येथे लावला तर? आपल्या हजार लिटर पाण्यावर ५६ पैशांऐवजी बारा रुपयांच्या जवळपास भार पडेल. म्हणूनच परदेशातला आकडा जसाच्या तसा उचलून आणणाऱ्या विद्वानांविषयी मला थोडी धास्ती वाटते.

पण आपण स्वस्थ बसलो म्हणजे सुटलो, असेही नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने आपल्या सीमेवर येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी मालावर त्यांच्या निर्मितीत निघालेल्या धुराची आकारणी लागू केली आहे. उत्पादक देशात त्या धुराची किंमत आधीच भरलेली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे आपल्या पोलादाची धूरपट्टी आपण वसूल केली नाही तर ती ब्रुसेल्सच्या तिजोरीत जमा होईल. जुन्या काळी परमुलखातून माल नेताना नाक्यानाक्यावर जकात भरावी लागे, त्याची आठवण यावी असा हा प्रकार आहे. यात अन्याय आहे. ज्यांनी दोनशे वर्षे धूर सोडून संपत्ती मिळविली त्यांनीच आता पहारेकरी व्हावे, हे मनाला पटत नाही. पण अन्यायाची तक्रार करीत असताना आपली वहीही तयार ठेवावी लागते. भारताने २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ साली परवान्यांच्या देशी बाजाराची योजना अधिसूचित केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांना पहिली लक्ष्ये घालून दिली. ही लक्ष्ये एकूण धुराची नाहीत, टनभर मालामागील धुराची आहेत. उत्पादन वाढले तर धूरही वाढू शकतो, पण दर टनामागे घटला पाहिजे. वाढत्या देशासाठी हा मधला मार्ग मला समंजस वाटतो. मात्र या पहिल्या यादीत औष्णिक वीज नाही. सर्वांत मोठे धुराडे पंक्तीबाहेर ठेवून जेवणावळ सुरू झाली आहे.

आता मी ज्या गोष्टीमुळे या विषयात ओढलो गेलो तिच्याकडे येतो. ती आपल्याच गावची आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने 'हरित रोखे' विक्रीस काढले. जलूदच्या पंपांसाठी खरगोन जिल्ह्यातील सामराज आणि आशुखेडी या गावांजवळ ६० मेगावॉटचे सौर केंद्र उभारावयाचे होते, त्यासाठी २४४ कोटी रुपये हवे होते. व्याज सव्वाआठ टक्के. सर्वसामान्य नागरिकांना विकत घेता येतील असे हरित रोखे काढणारी ही देशातील पहिली महानगरपालिका. मागणी आली सुमारे ७२० कोटींची. या सभागृहातही त्या रोख्यांचे धारक असतील. माझ्या नावावरही थोडे आहेत, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या स्तुतीचा कुणी वेगळा अर्थ लावील.

या शहराने मोठ्या बांधकामासाठी सव्याज पैसे मोजण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि तब्बल १०१ वर्षांच्या मुदतीने. त्या रेल्वेने पातालपाणीचा घाट चढून कोळशाच्या बळावर निमाड आणि माळवा जोडला. दीडशे वर्षांनी त्याच कड्यावरून चढणारे पाणी कोळशापासून सोडविण्यासाठी या नगरीने पुन्हा रोखे लिहिले. तेव्हा सावकार दरबार होता, आता कारकून, शिक्षक आणि पेन्शनर आहेत.

हिशेब असा आहे. प्रकल्पाचा खर्च ३०८ कोटी सांगण्यात आला, आणि वीजबिलात महिन्याला सुमारे चार कोटींची बचत अपेक्षित धरली गेली, म्हणजे वर्षाला ४८ कोटी. रोख्यांचे वर्षाचे व्याज वीस कोटींच्या आसपास. बचत अपेक्षेप्रमाणे झाली तर व्याज भागून मुद्दलासाठी बरीच रक्कम उरते. ६० मेगावॉटचे केंद्र आपल्याकडच्या उन्हात वर्षाला नऊ-दहा कोटी युनिटे देईल असा माझ्या स्नेह्यांचा अंदाज आहे; तेवढ्या कोळशाच्या विजेमागे ८५-९० हजार टन कर्बवायू असतो. जुन्या उपकराच्या दराने या न सोडलेल्या धुराचे मोल दोन-सव्वादोन कोटी होते. युरोपच्या दराने ते साठ कोटींच्या जवळ जाते. वस्तू एकच, नव्हे तिचा अभाव एकच, आणि मोलात पंचवीस पटींहून अधिक फरक! 'मूल्य' हा शब्द वाङ्मयसमीक्षेत आम्ही फार वापरतो. त्यात इतकी तफावत आमच्यातही क्वचितच पडते.

यावर एक चतुर प्रश्न विचारला जातो, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने तो मला विचारलाही : सर, ऊन जर आपोआपच स्वस्त झाले आहे, तर धूरपट्टी हवीच कशाला? रीवाच्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये बोली लागली तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला होता; तेव्हापासून दिवसाची सौर वीज नव्या औष्णिक केंद्राच्या विजेहून स्वस्त पडते, हे खरे. पण 'नव्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या केंद्राची इमारत, बाष्पक, यंत्रे यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो. त्याला केवळ कोळशाची किंमत मोजावयाची असते. त्याच्याशी सौर पट्ट्यांनी आणि रात्रीसाठी लागणाऱ्या बॅटऱ्यांनी टक्कर द्यावयाची, म्हणजे घर बांधून झालेल्या माणसाशी घर बांधणाऱ्याने भाड्याच्या दरात स्पर्धा करण्यासारखे आहे. आणि रात्र तर येतेच. सूर्य सहा वाजता मावळतो, शहराची तहान मावळत नाही. पंपांना रात्रीही वीज लागते. दिवसा ग्रिडमध्ये ओतलेल्या युनिटांचा रात्री परतावा घेतला तर वहीत हिशेब जुळतो, पण त्या घटकेला प्रत्यक्ष जळतो तो कोळसाच. धूरपट्टीचे काम तेथे आहे. जुन्या धुराड्याचे फुकटपण तिने संपवावे आणि साठवणुकीला बाजारात उभे राहू द्यावे. सिमेंट आणि पोलाद यांची गोष्ट याहून कठीण आहे. तेथे उन्हाने सरळ काम भागत नाही.

आता भरणाऱ्याचा प्रश्न. या भागावर अर्थशास्त्रज्ञ भरभर बोलून पुढे जातात असा माझा अनुभव आहे.

फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरात इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले. ते खेड्यापाड्यांतले, रोज मोटारीने दूरवर कामाला जाणारे लोक होते. पॅरिसमध्ये मेट्रो होती, त्यांच्या गावात नव्हती. जानेवारीत होणारी वाढ सरकारला मागे घ्यावी लागली. कॅनडाने यातून धडा घेतलेली योजना केली होती. २०१९ पासून केंद्राने इंधनावर जी आकारणी केली तिचा बहुतेक पैसा कुटुंबांच्या खात्यात परत जमा केला जाई. तरीही ती लोकांना आवडली नाही. पंपावर वाढलेला भाव रोज दिसे, खात्यात आलेली रक्कम तीन महिन्यांनी आणि गुपचूप येई. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरची ती आकारणी बंद करण्यात आली. २००८ पासून स्वतःचा कर चालविणाऱ्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही त्याच दिवशी तो सोडून दिला. कारखान्यांवरची आकारणी मात्र राहिली. देणे आठवते, घेणे विसरते, हा मनुष्यस्वभाव कोणत्याही अर्थमंत्र्याच्या कोष्टकात बसत नाही.

आणि आपल्याकडे? २५ डिसेंबर २०२३ रोजी इंदुरात एक समारंभ झाला. त्यात पंतप्रधानांच्या हस्ते, दूरचित्रवाणीच्या माध्यमातून, जलूदच्या सौर केंद्राची पायाभरणी झाली. त्याच समारंभात हुकुमचंद मिलच्या सुमारे ४८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. मिल बंद पडली होती डिसेंबर १९९१ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षे गेली. वृत्तपत्रांत दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापल्या होत्या. मी कात्रण काढून ठेवले आहे.

माझ्या एका वर्गमित्राचे वडील अशाच एका गिरणीत जॉबर होते. गिरणी कोणती ते सांगत नाही. त्या काळात बंद पडलेल्या गिरण्या एकदोन नव्हत्या. गिरणी थांबली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुढे रसवंती चालविली, मग एका दवाखान्यात रात्रपाळीची राखण केली. संध्याकाळी भोंग्याच्या वेळेला ते सवयीने घराबाहेर येऊन उभे राहत. भोंगा वाजत नसे. त्यांचे देणे मंजूर झाल्याची चिठ्ठी घरी आली ती त्यांच्या वर्षश्राद्धानंतर. आमच्या आईच्या धोतरांवरची काजळी थांबली ती याच किमतीत, आणि आम्हाला तेव्हा आनंद झाला होता, हे मला आज सांगितले पाहिजे.

सिंगरौलीच्या, कोरब्याच्या, चंद्रपूरच्या खाणींत आज जे काम करीत आहेत, त्यांतले कित्येक कंत्राटी आहेत. कोळसा कधीतरी थांबणारच. वीस वर्षांनी थांबो की चाळीस. त्या दिवशी त्यांच्या हातात काय असेल, याची तरतूद खाणी चालू असतानाच करता येते, बंद पडल्यावर न्यायालयांचे उंबरठे झिजतात. म्हणून माझे मत असे झाले आहे की, धूरपट्टी पुन्हा यावी, वजनावर यावी, आणि तिच्यातला पहिला हिस्सा खाणकामगारांच्या नावाने स्वतंत्र खात्यात पडावा. सौर पट्ट्यांना अनुदान त्यानंतर. ८६ हजार कोटींची कथा मी आपल्याला मघाशी सांगितली. ती रक्कम कशासाठी पुरली असती याचा विचार मी रात्री अंथरुणावर पडल्यावर करतो, आणि मग झोप लागत नाही. निमाडच्या ज्या शिवारात पट्ट्या उभ्या राहतात तेथील चराईचे आणि शेतमजुरीचे काय होते, हाही त्याच वहीतला प्रश्न आहे. दुपारी त्या पट्ट्यांखाली सावली असते, पण काम नसते.

आता आपल्या छताकडे येऊन थांबतो. समितीपुढे दोन आराखडे आहेत. पहिला दहा किलोवॅटचा. त्याने ग्रंथालयाची सर्व वीज भागून वर काही युनिटे शिल्लक राहतील. परंतु त्यासाठी दक्षिणेच्या अंगाला असलेला कडुनिंब काढावा लागेल, कारण त्याची सावली दुपारनंतर छताच्या पश्चिम भागावर येते. हा कडुनिंब संस्थापकांच्या पिढीने लावलेला आहे, आणि उन्हाळ्यात वाचनकक्षाचे दोन पंखे आपण त्याच्याच जोरावर बंद ठेवू शकतो. दुसरा आराखडा चार किलोवॅटचा, केवळ पूर्वेकडील भागात. त्याने दिवसाला सरासरी सोळा युनिटे मिळतील. आपला वाचनकक्ष भरतो संध्याकाळी पाचनंतर, सूर्य उतरल्यावर. तेव्हा आपल्यालाही जलूदप्रमाणेच दिवसा द्यावयाचे आणि रात्री मागून घ्यावयाचे, अशीच व्यवस्था करावी लागेल. दुसऱ्या आराखड्यात बिल निम्म्याहून थोडे अधिक राहते, असे आपल्या कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे.

मी दुसऱ्या आराखड्याच्या बाजूने मत देणार आहे. ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येईल. दोन्ही नकाशे आणि गेल्या तीन वर्षांची वीजबिले देवघेव विभागाच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना अवश्य पाहून जावीत.